हौसाबाईचा आलेख

बावधनच्या घरातून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि हौसाबाईचा आलेख होता. दवाखान्यांतल्या नोंदी तपासून उपचार कसे सुधारावेत, हे मी शिकवते. कोळवणच्या पुढच्या एका वाडीतल्या या बाईंचं ब्लडप्रेशर आमच्या वर्गात भलतंच गाजलं होतं. एका आठवड्यात शहाण्यासारखं, पुढच्या आठवड्यात आभाळाला भिडलेलं. विद्यार्थ्यांनी कारणांचा पाऊस पाडला, त्यात माझीही दोन होती. शेवटी म्हटलं, बाईंनाच भेटू.

पौडला घाईघाईत एसटीत चढले आणि खिडकी पटकावली. तिकिटाच्या वेळी कंडक्टर म्हणाला, "कोळवण? ही मालेची गाडी हाय. पाटी वाचली न्हाई व्हय?"

नोंदी वाचायला शिकवणारी मी निमूट उतरले. मागे येऊन जीप धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं) नुकतीच कापून झाली होती. मधूनच शहरवाल्यांच्या फार्महाउसची उंच फाटकं. पेंढ्याचा वास मात्र फाटकाच्या आतबाहेर सारखाच होता.

उपकेंद्रात सुनंदा सिस्टरांनी चहा दिला. मी आलेख पुढे केला.

"कुटली हौसाबाई? वरची का खालची?"

"हौसाबाई दगडू. वय साठ."

"दोघी बी हौसाबाई दगडू. चुलतभावांच्या बायका. दोघांला पणजाचं नाव ठेवलंय. आन वय कुणाला ठावं? दोघींनी साठच सांगितलं."

सुट्टीत बसून मीच यादीतल्या दुबार नोंदी पुसल्या होत्या, दोनाची एक केली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. म्हणजे हा आलेख दोन बायकांचा होता!

"मी कळवलं व्हतं की," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर आलं, दुबार नोंद, पुन्हा भरू नये."

"ते मीच लिहिलं होतं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपात आणखी चहा ओतला. त्या चहाची मला फार लाज वाटली.

"शिल्लक होत्या तवर दोघींला गोळ्या दिल्या. ह्या महिन्यात यादीपरमानं एकीच्याच आल्या. त्या खालचीला दिल्या, तिचं जास्त व्हतं."

निरोप गेला तशा दोघी आल्या. खालची ठेंगणी, वरची ताडासारखी उंच. सगळं ऐकून वरची खो खो हसली. "म्हंजी कागदावर तुमी मला मारलंच म्हना की!"

"गोळ्या?" मी विचारलं.

"आमी जावाजावा. एक दिस (दिवस) ती खाती, एक दिस मी."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तपासलं तर दोघींचंही वाढलेलं. "अशी वाटून चालत न्हाई बायांनो, ज्येची त्येनं रोज खायाची," सिस्टर म्हणाल्या आणि पौडला फोन लावायला वळल्या. मी बांधावर जाऊन नेटवर्क शोधलं, वरच्या हौसाबाईची नोंद परत उभी केली. दुपारच्या एसटीने गोळ्या येणार होत्या. त्या हातात पडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवलं.

जेवायला वरच्या हौसाबाईंकडेच. तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी. "मीठ कमी घातलंया," त्या म्हणाल्या, "सिस्टर वरडती." मी दोनदा आमटी घेतली.

एसटी आली, गोळ्या आल्या. वरचीने पाकीट पदरात बांधलं आणि जावेला म्हणाली, "आता तुझी तू, माझी मी." मला हायसं वाटलं.

निघताना सिस्टरांनी माझंही ब्लडप्रेशर तपासलं. थोडं जास्त निघालं. त्यांनी मळकी वही उघडली. प्रत्येक नावापुढे खूण होती: फणसाखालची, शिलाईवाली, वरची, खालची. जी मला पुण्यात बसून कळली नाही, ती सगळी वाडी त्या वहीत होती.

घरी जाताना पाटी दोनदा वाचून गाडीत बसले. आमच्या यादीत आता एक नवा रकाना आहे: गावात काय म्हणतात? वर्गात दोन आलेख शेजारी लावले, चूक कुणाची तेही सांगितलं. मुलं हसली, मग आपापल्या याद्या पुन्हा तपासायला लागली.

सिस्टरांनी महिन्याने परत तपासायला बोलावलंय. वहीत माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलंय, 'पुसणारी'. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "तुमच्या नावाच्या पुण्यात ढीगभर असतील मॅडम. ही एकच हाय."