पांढऱ्या पक्ष्यावरची पोरगी

माझी नात नऊ वर्षांची असताना तिच्या आईचं दुसरं लग्न झालं. करून दिलं ते मीच. मुलगा चिखलीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. सहा वर्षं मी सुनेला घरात एकटी वावरताना पाहिलं, शेवटी म्हटलं, माय, तू जा. लोक मला काय काय बोलले ते सोडा. माझ्या मनात एकच भीती होती, पोरीच्या मनातून आमचं घर पुसलं जाऊ नये. बापाचं तोंड तर तिला आठवतच नव्हतं.

आम्हा दोघींचा एक सिनेमा होता. जुना, कार्टूनचा, पण एकेक चित्र हाताने रंगवलेलं. कापसाच्या ढिगाएवढा पांढरा पक्षी अन् त्याच्या पाठीवर बसून समुद्रापलीकडे जाणारी एक पोरगी. नातीने तो मोबाइलवर कुठून शोधला कोण जाणे. त्यातली भाषा दोघींनाही कळत नव्हती, तरी मी पंधरा वेळा पाहिला असेल. मग आम्ही तशी चित्रं काढायला लागलो. मी पाचवी शिकलेली, हात रांगोळीचा. आधी काळी रेघ ओढायची, मग आत रंग भरायचा, एवढंच ठाऊक. नात माझा हात धरायची.

"आजी, त्याइच्या चित्रात काळी रेघ नसते व. रंगालेच रंग लागते."

"मंग कुठं काय संपलं ते समजन कसं?"

"नाही समजत. तेच तं मजा हाय!"

कोरी जागा दिसली की माझा हात शिवशिवायचा, एखादं फूल तरी टाकावं वाटायचं. ती ओरडायची, "आभाळ हाय ते, आजी! रिकामंच असते!" पक्षी मी काढायचा अन् पोरगी तिने, अशी वाटणी होती, कारण मला तोंडं काढणं जमत नव्हतं.

आईच्या नव्या घरी, नाशिकला, नात निघाली तेव्हा बसस्टँडवर ठरलं, दर रविवारी एकमेकींना चित्राचा फोटो पाठवायचा. मी आमच्या अमडापूरच्या दुकानातून पाण्याच्या रंगांची डबी आणली. दुकानदार म्हणाला, "नातीसाठी का, मावशी?"

म्हटलं, "काऊन, मले हात नाहीत का?"

पावसाळाभर तिची चित्रं येत राहिली. पोळ्यानंतर रविवार चुकायला लागले. मग एकदा मीच पक्षी अन् पोरगी दोन्ही काढली, पोरगी नातीच्या जुन्या चित्रावरून गिरवली. झाल्यावर सवयीने ब्रश काळ्यात बुडवून तिच्या गालावर तीट लावली अन् फोटो पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला.

"आजी, तिच्या गालावर डाग का काढलास?" तिचं 'काऊन' गेलं होतं, 'का' आलं होतं.

"डाग नाही माय, तीट हाय. एवढी समुद्रावरून चालली, नजर नाही लागणार?"

"पण सिनेमात नाहीये ना!" ती खो खो हसली. मीही हसले. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "कोणाचा फोन गं?"

"अमडापूरच्या आजीचा," ती म्हणाली.

इतके दिवस मी नुसती आजी होते. आता तिच्याजवळ घरातच एक आजी होती, तिला गावाचं नाव लावायची गरज नव्हती. पोरीला दोन आज्या मिळाल्या, त्यात वाईट काय, असं मी स्वतःला समजावलं. समजायला बरेच दिवस लागले.

दिवाळीला ती येणार होती. चार दिवस आधी सुनेचा फोन आला. "आई, या वक्ती येणं नाही होत. इकडं पाहुणे येऊन राह्यले. राग तं नाही नं?"

"राग काऊन येईन? तू तिकडचं सांभाळ."

पाडव्याच्या दुपारी मी वही घेऊन बसले. पक्षी काढला. मग म्हटलं, आज कशावरून गिरवायचं नाही, नातीचंच तोंड मनातून काढू. काळी रेघ ओढली नाही, नुसता रंगाला रंग लावत गेले. कपाळ उतरलं, नाक उतरलं, खालचा ओठ जरासा पुढे आला. हात थांबला तेव्हा पाहते तर पक्ष्यावर माझा मुलगा बसलेला. चौथीत होता तेव्हाचा, अंगात सिनेमातल्या पोरीचा लांब फ्रॉक. मला आधी हसू फुटलं, मग किती तरी वेळ वही दिसेना. पुसायला ओला ब्रश उचलला अन् परत ठेवला. फोटो काढून पाठवून दिला.

संध्याकाळी उत्तर आलं. "छान आहे, आजी. पण हा मुलगा कोण?"

खरं लिहावं तर माझा गेलेला मुलगा सणाच्या दिवशी परक्या घरात नेऊन बसवल्यासारखं. न लिहावं तर तो कोणीच नाही, असंच तिने धरून चालायचं. मी मोबाइल पालथा ठेवला.

सकाळी सुनेचा फोन आला. म्हणाली, "आई, हे..." अन् थांबली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. तिचे 'हे' आता दुसरे. निघालेला शब्द तिला मागे घेता येईना.

"पोरीचे बाबा हायेत नं ते, चित्रातले?" तिने पुन्हा विचारलं.

"हाव. आपोआप उतरले व माय. मी काही मुद्दाम नाही..."

"नाक तिचंच हाय. इतक्या वर्षांत मले दिसलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही नका लिहू, आई. मी सांगते तिले. बसवून सांगते."

तिकडे कुकरची शिटी झाली अन् तिने फोन ठेवला.

तीन रविवार झाले. सुनेने पोरीला सांगितलं की नाही, मी विचारलेलं नाही.