निओप्रीनची पारख

यामिनी ठोसर कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आली ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. देवेशला इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं आणि लेकीला, जाईला घेऊन तिघं पुण्याहून निघाली. पुण्यात यामिनी भोसरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. इंजिनातले होज, ऑइल सील, पंपाचे पडदे असलं सगळं रबराचं काम. कुठलं रबर कुठल्या तेलात फुगतं, कुठलं उन्हात तडकतं, हे तिला विचारावं. इथे आल्यावर तिने मिळेल तिथे अप्लाय केलं. कॅनेडियन एक्सपीरियन्स नाही, एवढंच उत्तर यायचं. कधी तेवढंही यायचं नाही.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत तिची माझी ओळख झाली. मी आणि माझा नवरा अरविंद इथले जुने. नवीन येणारी मंडळी मला परस्पर शोभाताई करून टाकतात. प्रसादाच्या प्लेट्स भरता भरता ती म्हणाली, "शोभाताई, या गावात रबराचं कुणी काहीच करत नाही का हो?"

"करत असतील तिकडे ऑन्टॅरिओत," मी म्हटलं. "आपल्याकडे मासे आहेत."

पुढे या माशांनीच तिला काम दिलं. बंदराच्या पलीकडे, डार्टमथला, मर्डॉक नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. मासेमारीच्या बोटींवरचे लाइफ राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचे तराफे, आणि सर्व्हायव्हल सूट तपासायचं, दुरुस्त करायचं काम. हा सूट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकाच तुकड्याचा, निओप्रीन नावाच्या जाड, स्पंजासारख्या रबराचा, नारिंगी, हातमोजे आणि बूट त्यालाच जोडलेले. बोट बुडायला लागली की कपड्यांवरूनच चढवायचा आणि झिप हनुवटीपर्यंत ओढायची. हिवाळ्यात इथलं पाणी इतकं गार असतं की सूट नसेल तर पोहता येणाऱ्या माणसाचेही हातपाय बघता बघता काम करेनासे होतात.

मर्डॉकला शिवणकाम येणारी बाई हवी होती. यामिनीला शिवण जेमतेम यायची. पण तिने टेबलावरचा एक सूट उचलला, बाहीला घडी घातली, घडीच्या टोकाशी डोळे नेले आणि म्हणाली, "हा बॉयलरजवळ टांगलेला होता का?" तो तसा होताच. मर्डॉकने तिला दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं.

पगार तिच्या शिक्षणाच्या मानाने कमी होता. देवेश कुरकुरला. "यामिनी, तू एम.टेक. आहेस. तिथे जाऊन तू फाटके सूट चिकटवणार?"

"ते निओप्रीन आहे रे," ती म्हणाली. जणू माहेरचं कुणी भेटलं होतं.

जाईच्या शाळेत एकदा सायन्स प्रोजेक्ट होतं तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोकरीचे धागे पसरून लेकीला समजावलं होतं, मी तिथेच बसले होते. रबर म्हणजे अशा लांबच लांब साखळ्यांचा गुंता. मध्ये मध्ये गाठी मारलेल्या असतात, म्हणून ओढलं की ताणतं आणि सोडलं की परत येतं. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन यांनी वर्षानुवर्षं गाठी वाढत जातात. साखळ्या हलेनाशा होतात. रबर ताठरतं आणि वाकवलं की तडे जातात. सूटच्या निओप्रीनमध्ये शिवाय बारीक बारीक बंद बुडबुडे असतात. माणसाला तरंगवतात ते, आणि ऊबही तेच धरून ठेवतात. ते दबले की सूट दिसायला तसाच राहतो, पण त्यात जीव राहत नाही.

"सो इट गेट्स ओल्ड," जाई म्हणाली.

"हो. आणि आपलं वय झालंय हे ते सांगत नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी दक्षिण किनाऱ्यावर लॉबस्टरचा सीझन उघडतो. त्याच्या आधी दुकानात सुटांचे ढीग लागतात. अशाच एका नोव्हेंबरात कॉलिन नावाचा मच्छीमार आपल्या बोटीवरचे तीन सूट घेऊन आला. बोट फायबरग्लासची, त्याच्या मालकीची. त्याच्याबरोबर आणखी दोघं काम करायची. दोन सूट ठीक होते. तिसरा सगळ्यांत स्वच्छ, नीट घडी घातलेला. छातीवर जाड काळ्या अक्षरांत कॉलिनच्या वडिलांचं नाव होतं. त्यांची बोट फार पूर्वी बुडाली होती आणि हाच सूट घालून ते परत आले होते. नंतर म्हातारपणाने गेले. तेव्हापासून तो कॉलिन वापरायचा.

यामिनीने त्यात हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं. काखेपासून कमरेपर्यंत फेस उठला. शिवणी पुन्हा चिकटवता आल्या असत्या. पण तिने मांडीवरचं निओप्रीन चिमटीत दाबून सोडलं, तर बोटांचा ठसा तसाच राहिला. गुडघ्यापाशी वाकवलं, तर केसाएवढे तडे उघडले.

"हा पास होणार नाही," तिने सांगितलं.

"चिकटवा ना."

"गोंद नवा लावता येतो. रबर नवं करता येत नाही."

कॉलिनचा चेहरा लाल झाला. "या सुटाने माझ्या बापाला घरी आणलंय. तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली? कधी गेलात समुद्रावर?"

"नाही गेले," यामिनी म्हणाली.

नापास झालेला सूट कुणी चुकूनही घालू नये म्हणून कापून टाकायचा, असा मर्डॉकच्या दुकानाचा नियम होता. तिने कात्रीला हात लावताच कॉलिनने सूट ओढून घेतला. मर्डॉक कोपऱ्यात उभा राहून बघत होता, मध्ये पडला नाही. यामिनी म्हणाली, "मागे जेट्टी आहे. दोर बांधा, मी हा घालून पाण्यात उतरते. आत पाणी आलं नाही तर पास करते."

"पोहता येतं?" कॉलिनने विचारलं.

"नाही."

ती स्वेटरच्या बाह्या ओढून खरोखरच बूट काढायला लागली. कॉलिन म्हणाला, "राहू द्या. मीच जातो."

मर्डॉकने आणि तिने मिळून दोर धरला. कॉलिन शिडीवरून पाण्यात उतरला, पाठीवर तरंगला, सुरुवातीला हसलासुद्धा. थोड्या वेळाने त्याचं हसू गेलं. खांदे पाण्याखाली गेले. "ओढा," तो म्हणाला, आणि परत म्हणाला, "ओढा." वर आला तेव्हा सुटाचे पाय पाण्याने फुगले होते आणि ओठ निळे पडले होते. आतल्या हीटरजवळ बसून दोन्ही हातांनी मग धरून त्याने चहा संपवला.

"तुम्ही उतरला असतात का खरंच?" त्याने शेवटी विचारलं.

"माहीत नाही," यामिनी म्हणाली. "मला फार भीती वाटत होती."

कापायला तो तयार झाला. तिने आधी छातीवरचं नाव चौकोनी कापून, धुऊन त्याला दिलं. त्याने ते खिशात ठेवलं. जाताना नवा सूट घेतला.

हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, गोष्ट इथेच संपली. पण फेब्रुवारीत कॉलिनच्या बोटीला आग लागली.

इंजिनरूममध्ये सुरू झाली. काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यात मुरवलेलं रेझिन, त्याची ती बोट. गंजत नाही, लाकडासारखी कुजत नाही, लाटांचे तडाखे वर्षानुवर्षं खाते. पण रेझिन एकदा पेटलं की काळाकुट्ट धूर होतो आणि माणसाला दोन श्वास घेता येत नाहीत. कॉलिनने तिन्ही सूट केबिनमधून डेकवर फेकले. तो आणि एक साथीदार सुटात शिरले. तिसरा, डॅरेल, आग विझवायचा सिलिंडर घेऊन खाली गेला. "सूट घाल आधी," कॉलिन ओरडला. "आलोच," डॅरेल म्हणाला.

तो वर आला नाही. ते दोघं पाण्यात उडी मारून तरंगत राहिले, आणि धूर बघून शेजारची एक बोट आली, तिने त्यांना उचललं. डॅरेलचा सूट पिशवीतच होता. पिशवी पाण्यात पडून तरंगत होती, तीही त्या बोटीने उचलली.

कॉलिनने महिन्याभराने तीन सूट दुकानात आणून ठेवले आणि निघून गेला. यामिनीने पहिले दोन तपासले. मग तिसरी पिशवी उघडली. सूट आतून कोरडा होता. निओप्रीन दाबलं की लगेच वर येत होतं. हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा आला नाही. झिप एका ओढीत वर गेली. कुठेच काही दोष नव्हता. ती तशीच खाली जमिनीवर बसली. मर्डॉकने दुकानाचं दार आतून लावलं आणि गिऱ्हाईक आलं तरी उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॅरेलची बायको आली. पॉला तिचं नाव. कोट न काढताच टेबलापाशी उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याचा सूट तुम्ही तपासलात ना? त्यात काही बिघाड होता का? म्हणून घातला नाही का त्याने?"

यामिनीने मला नंतर सांगितलं, की होय म्हणावं असं एक क्षण वाटलं होतं. दोष सुटावर टाकला असता तर बिचारीला रागवायला काहीतरी मिळालं असतं. पण ती म्हणाली, "नाही. सूट उत्तम होता. आजही उत्तम आहे. त्याला घालायला वेळ मिळाला नाही."

पॉलाने सूट बघायला मागितला. यामिनीने तो टेबलावर पसरला. पॉलाने बाहीला जोडलेला रिकामा हातमोजा हातात धरला, जसा माणसाचा हात धरावा तसा, आणि रडली. यामिनी तिच्या शेजारी उभी राहिली.

"घरी नको मला हा," पॉला जाताना म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

पण तो सूट घालायला कुणी तयार होईना. मच्छीमार तो कुणाचा ते विचारायचे आणि मागे सरायचे. मर्डॉक म्हणाला, "ठेवून दे वरच्या फळीवर." यामिनीला ते पटेना. तिने विचार केला, की आपण रबर तपासतो, शिवणी तपासतो, पण माणसाला तो सूट अंगात चढवता येतो का हे कुणी तपासत नाही. बहुतेकांनी आपला सूट घेतल्यापासून पिशवीतून काढलेलाही नसतो.

तेव्हापासून तिच्याकडे सूट तपासायला आणणाऱ्या प्रत्येकाला ती आधी डॅरेलचा सूट जमिनीवर पसरून देते आणि म्हणते, "घाला." धिप्पाड माणसं हसतात. मग एक पाय अडकतो, हातमोजा घातलेल्या हाताला झिप सापडत नाही, आणि हसणं थांबतं. ती पुन्हा काढायला लावते, पुन्हा घालायला लावते. आधी पाय, मग कमी सवयीचा हात, मग डोक्यावरची टोपी, शेवटी दुसरा हात. काहीजण चिडतात. एकाने मर्डॉककडे तक्रार केली. मर्डॉक म्हणाला, "तिला विचार. दुकान तीच चालवते."

कॉलिनने नवी बोट घेतली नाही. तो आता एका धक्क्यावर लॉबस्टरचे क्रेट उतरवून घेतो. शनिवारी मात्र डार्टमथला येतो आणि नवख्यांना सूट घालायला शिकवायला यामिनीला मदत करतो. "आलोच म्हणायचं नाही," एवढं तो प्रत्येकाला सांगतो. का, ते सांगत नाही.

देवेश हल्ली कुरकुरत नाही. मध्ये ऑन्टॅरिओतल्या एका मोठ्या रबर कंपनीकडून यामिनीला बोलावणं आलं होतं, तिच्या शिक्षणाला साजेसं काम होतं. तिने दोन रात्री विचार केला. मी म्हटलं, "जा गं, त्यासाठीच तर एवढं शिकलीस." ती म्हणाली, "हो शोभाताई, खरं आहे तुमचं." आणि गेली नाही.

मागच्या शनिवारी मी तिला दुकानात भेटायला गेले. माणसं येऊन गेली होती. ती डॅरेलचा सूट गोड्या पाण्याने धूत होती. धुऊन झाल्यावर तिने तो सावलीत, हीटरपासून दूर, रुंद हँगरवर टांगला आणि झिप अडू नये म्हणून तिच्या दातांवर वरपासून खालपर्यंत मेण फिरवत बसली.