गोटमारवाल्याचा सल्ला

पोराला सल्ला द्यायची मला फार हौस. सारी उमर मास्तरकीत गेली, त्यामुळं समोरच्यानं विचारो न विचारो, आपण सांगायचंच, ही खोड. त्या खोडीनंच घात केला.

माझा मुलगा आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवतो. बंदराला लागून अमेरिकेचा लष्करी तळ. लढाई पेटली ती पार दुसरीकडं, दुसऱ्याच दोन देशांत. अमेरिका आधी म्हणाली, आमचा काही संबंध नाही. मग म्हणाली, आम्ही नुसतं लक्ष ठेवून आहोत. मग तिची जहाजं आली. त्या आठवड्यात पोराचा फोन आला, "बाबा, कंपनी म्हणून राहिली, ज्याले घरी जायचं त्यानं आत्ताच जा. विमानं चालू आहेत. येऊ का?"

मी पांढुर्ण्याचा माणूस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतो. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, अन् दिवसभर एकमेकांवर दगडगोट्यांचा मारा. ही आमची गोटमार. बाहेरच्यांना येडेपणा वाटतो, वाटो. माझ्या कपाळावर खूण आहे आणि ती मी पाहुण्यांना अजून मिरवून दाखवतो. काठ सोडून जो घरी पळाला, त्याची गावात वर्षभर टिंगल होते. पण दिवस बुडाला की हातातला गोटा खाली टाकायचा, हेही तितकंच पक्कं. झाड देवीच्या देवळात जातं आणि ज्यानं डोकं फोडलं त्याच्याच घरी आपण चहा पितो. माझी सासुरवाडीच सावरगावची. ही खूण माझ्या साळ्याची मेहेरबानी आहे.

तेच डोक्यात धरून मी पोराला म्हणालो, "पळून येतं का बे? गोटमारवाल्याच्या पोरानं पाठ दाखवायची नसते. चार दिवसांत दमतात सारे. कोणत्याही भांडणाची संध्याकाळ होते."

"अहो, येऊ द्या न त्याले!" बायको ओट्याजवळून ओरडली. मी तिला हातानंच गप्प केलं. पोरगं म्हणालं, "बरं बाबा. राहतो."

कायची संध्याकाळ अन् कायचं काय! पाचव्या दिवशी अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकून आली. टीव्हीवाला म्हणे, मर्यादित कारवाई. या शब्दाची मला आता शिसारी येते. पुढच्या आठवड्यात आणखी जहाजं, मग आणखी फौज, आणि दर वेळी, बस, हे शेवटचं. मग समोरच्यांनी त्या तळावरच क्षेपणास्त्र सोडलं आणि विमानतळ बंद पडला. अरे, एवढा मोठा देश, त्यात "आता पुरे" म्हणणारा एक म्हातारा नाही? आमच्याकडं निदान दोन्ही काठांवरचे म्हातारे पात्रात उतरून हात तरी वर करतात.

मी सौंसरला एका ओळखीच्या तिकीटवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "काका, विमानच उडून नाही राहिलं तर तिकीट कायचं देऊ?" मी त्याच्यावरच भडकलो. त्याचा काय दोष? बसस्टँडवर दोघंजण चहा पिता पिता लढाई खेळत होते. एक म्हणे, अमेरिका आता एका दिवसात साफ करते. मी त्याच्या अंगावरच गेलो, "माहं पोरगं आहे तिथं! साफ करते म्हणे!" बिचारा उठून उभा राहिला, मला बसायला जागा दिली. मी बसलो नाही. पांढुर्ण्यापर्यंत बसमध्येही उभाच आलो, रिकाम्या सीटा असून. राग कोणावर काढावा तेच समजत नव्हतं.

बायको मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर भांडलो तरी असतो. ती दोन वेळचं ताट वाढते अन् फोनजवळ जाऊन बसते.

काल दुपारी फोन लागला. मागं हवाई हल्ल्याचा भोंगा कोकलत होता.

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"खोलीत."

"अन् बाकीचे?"

"ते खाली तळघरात गेले. भोंगा वाजला की जातात."

"मग तू काहून नाही गेला?"

तो हसल्यासारखा झाला. शाळेत पहिला नंबर आल्यावर जसा सांगायचा तसा म्हणाला, "मी एकदाही पळालो नाही, बाबा."

बायको माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"पळ!" मी किंचाळलो. "पळ रे बाप्पा, खाली पळ! तुह्या बापाले अक्कल नाही. ऐकू येऊन राहिलं का? पळ!"

फोन चालूच राहिला. पायऱ्यांवर त्याच्या चपला वाजत होत्या, आणि आम्ही दोघं नवराबायको एकाच फोनला कान लावून एकेक पायरी मोजत होतो.