बाजूच्या सीटवरचा आवाज

रॅली शर्यतींत उतरणारा पुण्याचा एक संघ चालक निवडायला इटियाडोह धरणाच्या नहरावर आला. निवडीआधी अर्थातच सत्कार झाले. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि वेगाचं महत्त्व या विषयावर फार सावकाश बोलले. निवृत्त प्राध्यापक म्हणून मलाही एक शाल मिळाली. भर उन्हात ती पांघरून मी खुर्चीत चुळबुळत होतो, कारण उमेदवारांच्या रांगेत माझी पुतणी होती.

ती नवेगाव बांधची मासळी पिकअपमध्ये भरून रोज गोंदियाच्या बाजारात पोचवते. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, एवढंच तिचं प्रशिक्षण. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, बाजूला बसून वाटभर ‘हळू ना वो!’ म्हणत असतात. संघाची वयाची अट होती. तिच्या हातात हे वर्ष आणि फार तर पुढचं उरलं होतं.

चाचणीत चालकाच्या बाजूला संघाचा एक वाचक बसतो. वळणं, चढ, खड्डे त्यानं आधीच टिपलेले असतात. तो ते वाचत जातो आणि चालकानं त्याच्या शब्दावर गाडी वळवायची.

गाड्या सुटू लागल्या. नहराच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावरच्या कच्च्या रस्त्यावर, धूळ उठायची, आवाज झाडांमागे विरायचा, आणि तो परत येईपर्यंत बसवत नसे. तिचा नंबर आला तेव्हा मी शाल खुर्चीवर टाकून उठलो. भाऊ आधीच पाळीवर येरझाऱ्या घालत होता.

"नहरात त नाही गेली ना?" त्यानं मला विचारलं.

"आवाज येऊन राहिला ना तिच्या गाडीचा."

"दुसऱ्याच्या गाडीचा असन."

ती आली, आणि सगळ्यांत कमी वेळात आली. भावानं माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळ रुतलं. वाचक मात्र ओठ मिटून उतरला.

"मी डावं म्हणायच्या आत ही डावीकडे वळलेली. माझ्या जागी मासळीची पेटी ठेवली असती तरी चाललं असतं."

"मंग चांगलंच हाय ना!" भाऊ म्हणाला.

संघाच्या व्यवस्थापक बाई शांत होत्या. "हा रस्ता तिच्या भागातला, तिला पाठ आहे. शर्यत तिनं कधीच न पाहिलेल्या रस्त्यावर असते."

म्हणून सगळ्यांची दुसरी फेरी जवळच्या मुरुमाच्या खाणीत झाली. तिथली वळणं संघानं नुकतीच खांब रोवून आखली होती. वाचक ‘उजवं’ म्हणाला की बाकीचे वळत. ही वळण डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबे, मग वळे. तिनं बरेच खांब आडवे केले. वरून पाहताना माझेच पाय ब्रेक शोधत होते.

नागपूरच्या एका मुलाची निवड झाली. "ऐकायला शीक आणि पुढच्या वर्षी ये," बाई तिला म्हणाल्या.

"काऊन ऐकत नव्हती वो?" मी विचारलं.

"मोठेबाबा, बाजूच्या सीटवरून आवाज आला का माह्ये कानच बंद होतेत. सवय झाली."

भाऊ स्वतःच्या चपलांकडे बघू लागला.

परतताना आम्ही तिघं पिकअपमध्ये दाटीनं बसलो. ती इतकी हळू चालवत होती की सायकलवाले पुढे जात होते. भाऊ सीटवर पुढे सरके, मागे रेले, काच खाली करी, वर करी.

"गाडी बिघडली काय?"

"नाही. तुमीच हळू म्हणता ना, बाबूजी. ऐकून राहिली."

भावानं काच तशीच अर्धी सोडली. मग समोर बघत त्यानं घसा साफ केला.

"पुढं डावं," तो संघाच्या वाचकासारखा म्हणाला. "डावं, मंग खड्डा."

"बाबूजी, घर उजवीकडं हाय."

"म्या काय म्हटलं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी डावीकडे घेतली. ती वाट कुणाच्या तरी धानाच्या बांधीत जाऊन संपते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.