मेलेला कावळा आणि आमचा दिनू

माझ्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

दिनू माझा धाकटा. धुळ्याला लॅबमध्ये संशोधन करायचा. नाकातून द्यायच्या लसीवर.

नेमकं सांगतो, कारण लोक काहीही सांगतात. नुसती लस नाकात टाकली तर शरीर फारसं मनावर घेत नाही. म्हणून दिनू तिच्यात उष्णता देऊन मारलेले बॅक्टेरिया मिसळायचा. मेलेले. ते आजार देत नाहीत, फक्त शरीराला जागं करतात. प्रयोग उंदरांवर चालू होता.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण त्याचा प्रत्येक पेपर डिक्शनरी घेऊन वाचलाय, आणि समजलाय.

नानांना, म्हणजे वडिलांना, पटायचं नाही.

"मरेल जंतू नाकमा घालीसनी काय व्हई रे?"

"नाना, तुम्ही मक्काना वावरमा मरेल कावळा टांगतस. तो काही करस का? तरी गावना बठ्ठा कावळा आरडतस ना?" दिनू म्हणायचा.

"म्हणजे तू बी कावळाच टांगस! एवढं शिकीसनी!"

आई हसून हसून बेजार.

मग एका दुपारी लॅबमधून फोन आला. हार्ट अटॅक.

दहाव्याला गिरणाकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून नुसते ओरडत होते. खाली एकही येईना.

"दिनू, तुझ्या पोरीचं शिक्षण मी करीन," मी म्हणालो.
नाही.

"तुझं काम तुझे मित्र पुरं करतील."
नाही.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

"थांबा," नाना म्हणाले.

ते वर बांधाकडे बघत होते. घाटाला लागूनच आमचा मका. त्यात पाखरं येऊ नयेत म्हणून बांबूला टांगलेला मेलेला कावळा. नानांनीच टांगलेला, दिनू जायच्या आदल्या आठवड्यात. आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नाना एकटे वर गेले. कावळा सोडला, उपरण्यात गुंडाळला, लांब नेऊन पुरला.

बाभळ हळूहळू गप्प झाली.

मग एक खाली उतरला. शिवला.

नाना हात धूत एवढंच बोलले, "दिनू खरं सांगे."

आज वर्ष झालं. नाना आता कावळा टांगत नाहीत. मका पाखरं खातात, खाऊ देतात. रिकामा बांबू मात्र काढू देत नाहीत.

मेलेल्यानं काय होतं, असं नाना तुला विचारायचे ना?

वर्षभर आमच्या घरात कोणी गाढ झोपलेलं नाही, दिनू.

तू तरी निवांत झोप, भाऊ.