घाटातला पाना

सायकलच्या चेनच्या तेलाचा वास आला की मला कसारा घाट आठवतो. बाबा सायकल संघांचे मेकॅनिक, शर्यतींमागे गावोगाव फिरायचे. एका सुट्टीत त्यांनी मला संघाच्या जीपमध्ये मागे बसवलं. घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास भरला होता. आमच्या संघातला एक मुलगा चढावर मागे पडून पांढराफटक झाला होता. पाय टेकला असता तर त्याची शर्यत तिथेच संपली असती. जीपने ओढणं नियमात बसत नव्हतं, दुरुस्तीपुरती सायकल धरायला मात्र चालायचं. बाबा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले, एका हाताने त्याची सीट धरली आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवत म्हणाले, “ब्रेक घासतोय रे. थांब, बघतो.” पाना कुठेच लागत नव्हता. जीप त्याला ओढत होती आणि तो नुसता श्वास घेत होता. वळणापुढे बाबांनी हात सोडला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. “काय दिसलं गं?” “ब्रेक घासत होता,” मी म्हणाले. “शहाणी माझी.” परवा माझ्या साखरपुड्यात सगळे नाव घे म्हणून मागे लागले आणि मला शब्दच सुचेना. तेवढ्यात बाबा पुढे आले. “हार अडकलाय हिचा. थांबा, बघतो.” हार कुठेच अडकला नव्हता. त्यांच्या बोटांना तोच तेलाचा वास येत होता. मी श्वास घेतला.