पहिला पसंतीक्रम

लेक बारावीला गेली तेव्हाच मी एक शंभरपानी वही केली. मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या शाळेत गणित शिकवते; रकाने पाडल्याशिवाय मला काही सुचत नाही. कॉलेज, शाखा, मागच्या वर्षीचा कटऑफ, वसतिगृह, घरापासूनचं अंतर. सीईटीला तिला चांगले मार्क पडले आणि आम्ही दोघी कॉलेजं बघत फिरलो. नगर झालं, पुणं झालं, शेवटी सांगली.

सांगलीला सुट्टीमुळे कॉलेज रिकामंच होतं. तरी तिथल्या एका लॅब असिस्टंटनं आम्हाला हायड्रॉलिक्सची लॅब उघडून दाखवली. काचेच्या लांब पाटातून त्यांनी पाणी सोडलं, मध्ये अडसर घातला. पाणी कसं उसळतं आणि पुढे कसं संथ होतं, ते समजावलं. लेकीनं त्यांना प्रश्न विचारून भंडावलं. मी तेवढ्यात वहीत वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं ते लिहून घेतलं. परतताना एसटीत ती पुण्यापर्यंत धरणं आणि कालव्यांबद्दल बोलत होती. मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघत होते.

ऑप्शन फॉर्म आम्ही तिघांनी बसून भरला. पहिली सांगली, सिव्हिल. दुसरं नगर. तिचे पप्पा म्हणाले, "लई लांब न्हाई का होत?" मीच त्यांना गप्प केलं.

फॉर्म कन्फर्म करायचा राहिला होता. रविवारी ते दोघं चर्चला गेले. डोकं दुखतंय म्हणून मी घरी थांबले. खरंच दुखत होतं का, ते आता मलाही सांगता येत नाही. मी नगर वर घेतलं, सांगली खाली सरकवली. ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला. पहिला पसंतीक्रम मिळाला की पुढच्या फेरीत बदलता येत नाही, हा नियम शाळेतल्या पालकांना मीच समजावून सांगत असे.

यादीत तिला नगर मिळालं. तिला वाटलं, सांगलीला आपले मार्क कमी पडले. दोन दिवस ती केमिस्ट्रीच्या चुकलेल्या प्रश्नांवरून स्वतःला बोल लावत राहिली, आणि मी तिला लावू दिला. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या दोन दिवसांची वाटते.

प्रवेशाच्या दिवशी कागद जोडताना फॉर्मची प्रिंट तिच्या हातात आली. तिनं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि जिथे सांगितलं तिथे सही केली. घरी येताना राहुरी गेल्यावर ती म्हणाली, "मम्मी, मला विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हटलं असतं."



माफी मी मागितली, पण पुढच्या नाताळात. "जाऊ दे, कॉलेज वाईट नाहीये," ती म्हणाली. खरंच वाईट नाही. शिक्षक चांगले आहेत, तिला मैत्रिणी मिळाल्या, दर शनिवारी ती घरी येते. मला हवं होतं ते सगळं झालं. फक्त बसमधून बोलत आलेली ती मुलगी मला पुन्हा फारशी भेटली नाही.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एमटेक करायचं म्हणते. कुठे कुठे अर्ज करणार, असं मी गेल्या आठवड्यात विचारलं.

"ठरलं की सांगते," म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.